आठशेचा ठोका: इंजिनकामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरची. इंजिन एफ८बी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. गेल्या वर्षीच परत पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं, नुसती आरटीओची फी पाच हजार, वर ग्रीन टॅक्स, वर फिटनेससाठी टायर आणि सायलेन्सर, त्यामुळं आता भंगारात घालायची म्हटलं तर ते सगळे पैसे पाण्यात. आणि विकायला काढली तर वाजणाऱ्या इंजिनाला गिऱ्हाईक किती देणार ते सगळ्यांना माहितीय. म्हणून दुरुस्तीचं बजेट ठरवलं, १५ हजार. त्यात बसलं तर करायचं नाहीतर सोडून द्यायचं.

आवाज असा: थंड असताना काही नाही, अगदी गुमान. दहाबारा किलोमीटर चालली, इंजिन गरम झालं, की खालून डग डग डग. टॉपवर थोडा चढ लागला किंवा उभ्या गाडीला रेस देऊन पटकन सोडली की स्पष्ट ऐकू येतं. ऑइलचा दिवा लागत नाही.

गल्लीतल्या प्रत्येकाचं मत घेऊन झालं. एकाचं म्हणणं टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग), एकाचं टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ), एकाचं इथेनॉल. हल्ली कुणाचंही इंजिन वाजलं की इथेनॉलवर ढकलायची पद्धतच पडलीय. ऊस आमचा, इथेनॉल आमचं, आणि शिव्या पण आम्हीच घालतोय. पण इथेनॉलनं पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, कमी होत नाही, म्हणजे चढाला पेट्रोल अवेळी पेटून जे किणकिण वाजतं ते नॉकिंग उलट कमी व्हायला पाहिजे. जुन्या गाडीला त्याचा त्रास वेगळा आहे, रबरी पाइप मऊ पडतात, कार्ब्युरेटरची पॅकिंगं फुगतात. खालून डग डग व्हायला ते कारण नाही.

७ जानेवारी, रविवार

आज एक रुपया न खर्चता जेवढं कळेल तेवढं बघायचं होतं.

पहिलं टॅपेट. व्हॉल्व्ह कव्हर काढून फिलर गेज लावला, एक जरा ढिला होता तो सेट केला. वरची टकटक थोडी गेली, खालचा ठोका आहे तसाच. तसंही टॅपेटचा आवाज क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) निम्म्या वेगानं येतो, कारण कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) निम्म्या वेगानं फिरतो, आणि हा ठोका त्यापेक्षा दाट आहे.

दुसरं टायमिंग. डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जरासा फिरवून टायमिंग मागं घेतलं. किणकिणीचं नॉकिंग असतं तर फरक पडला असता. गाडी मरगळली, ठोका तोच. परत होतं तिथं आणलं.

तिसरं, बाहेरच्या गोष्टी. क्रँक पुलीचा बोल्ट, अल्टरनेटरचं फाउंडेशन, इंजिनाचे रबर. शिवाय या गाडीला पेट्रोल पंप मेकॅनिकल, हेडला लावलेला, तो पण कधीकधी टकटकतो. सगळं ठीक.

मग खरी टेस्ट. इंजिन गरम करून, रबरी हातमोजे घालून (कोरडे बघून घाला, नाहीतर करंट कोपरापर्यंत जातो), एकेका प्लगची वायर काढायची आणि रेस हलकी वाढवून ऐकायचं. एक नंबरची काढली, इंजिन हललं, ठोका कायम. तीन नंबरची, तेच. मधल्या दोन नंबरची काढली आणि ठोका जवळजवळ गायब! वायर लावली की परत हजर. म्हणजे त्या सिलिंडरमध्ये स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जातो तेव्हा कनरॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) क्रँकच्या पिनवर जोरात आपटतोय. कनरॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग, म्हणजे बिग एंड बेअरिंग, दोन नंबर. पिस्टनचा खडखडाट असता तर थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी झाला असता, इथं बरोबर उलटं आहे.

लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून चेंबरच्या (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) वरच्या बाजूला टेकवून पण ऐकलं, मधेच सगळ्यात जोरात.

आता गाडी चालवायची नाही. बिग एंड वाजत असताना गाडी पळवली की शेल (बेअरिंगची अर्धगोल पातळ पट्टी) फिरतो, मग कनरॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर येतो, आणि मग पंधरा हजाराचा विषयच संपला.

१० जानेवारी, बुधवार

मिस्त्रींकडून ऑइल प्रेशरचा गेज मागून आणला. ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून त्याच भोकात लावायचा, बास. थंड इंजिनाला तीन किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशर दाखवलं. गरम झाल्यावर आयडलला अर्धा किलो, आणि रेस दोन हजारापर्यंत नेली तरी सव्वा किलोच्या वर काटा जाईना. मोटारींचा ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे किलोत पाऊण किलोच्या आसपास मिळायला पाहिजे. दोन हजाराला दीड किलो तरी हवंच.

मग दिवा का लागत नव्हता? कारण तो स्विच लागतोच फार खाली, पाव ते अर्ध्या किलोच्या दरम्यान कुठंतरी. दिवा लागला म्हणजे प्रेशर संपलं, कमी झालं नव्हे. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर गेज वर्षापूर्वीच लावला असता.

भाव काढले. एका गॅरेजनं फुल इंजिनकाम ३८ हजार सांगितलं, बोअर, पिस्टन, हेड, सगळं, गाडी न बघता फोनवरच. जुन्या बाजारात हाफ इंजिन (हेड सोडून खालचं) १५ हजार, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. आणि त्यात अजून एक भानगड, इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, म्हणजे ब्लॉक बदलला की आरसी बुकवर नोंद करून घ्यायला परत आरटीओ. मिस्त्री म्हणाले, "जाडं ऑइल घाला २०-५०, वर एक डबी अ‍ॅडिटिव्ह, आवाज दबतोय बगा." दबतो हे खरंय. ज्याला विकायचीय त्याच्यासाठी ठीक. पिनवर पडलेला घाव जाड ऑइलनं भरून येत नाही.

१३ जानेवारी, शनिवार

गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उचलून घेतली. ऑइल पांढऱ्या घमेल्यात काढलं आणि उन्हात धरून बघितलं, सोनेरी रंग मारल्यासारखी चमक, तळाला राखाडी चुरा. चुऱ्यात मॅग्नेट फिरवला, काहीच चिकटलं नाही. बेअरिंगच्या शेलचं अस्तर लोखंडाचं नसतं, त्यामुळं मॅग्नेटला न चिकटणारा चुरा म्हणजे शेल झिजलेत. फिल्टर हॅकसॉनं कापून कागद उलगडला, घड्याघड्यांत तीच चमक.

मग चेंबर उतरवलं. एक्झॉस्टचा पुढचा पाइप आणि क्लचखालचा पत्रा सोडवावा लागतो, बोल्ट गंजलेले, पुरा अर्धा दिवस त्यात गेला. चेंबर खाली आलं आणि मिस्त्री आणि मी दोघं पण गप्प. चेंबरच्या तळाला आतल्या बाजूनं चांगला फुगवटा, म्हणजे बाहेरून पोचा. शेताकडं जायच्या पाणंदीत कधीतरी दगड लागलेला असणार. फुगवटा बरोबर पंपाच्या ऑइल ओढायच्या जाळीच्या खाली, आणि जाळीचा काठ त्या पत्र्यावर घासून चकचकीत झालेला. आणि जाळीत सिलिकॉनचे तुकडे, लांबलांब शेवया अडकल्यासारखे, निम्मी जाळी बंद. याआधी कुणीतरी चेंबर लावताना पॅकिंगवर हात सोडून सिलिकॉन थापलेलं, ते दाबल्यावर बाहेर जेवढं आलं तेवढं आत पण आलं, आणि आतलं सुटून सुटून जाळीत जमा झालं.

म्हणजे खालून पोचा दाबतोय, जाळीत सिलिकॉन, आणि त्या उरलेल्या फटीतून इंजिनानं इतके दिवस ऑइल ओढलंय. थंडीत जाड ऑइलला प्रेशर दिसायचं, गरम झालं की संपलं.

दोन नंबरच्या कनरॉडची कॅप सोडवली. शेलचा राखाडी थर जाऊन खाली तांबूस दिसतोय, एका बाजूला तर स्टील उघडं पडलंय. पिनवर नख फिरवलं की अडकतं. एक आणि तीनचे शेल झिजलेत पण घाव नाही.

मिस्त्रींचं म्हणणं, पिनवर पॉलिश पेपर मारू, नवे शेल घालू, इंजिन उतरवायचंच नाही, चार हजारात काम. मी नको म्हटलं. जिथं नख अडकतंय तिथं पेपर मारून पिन गोल होत नाही, लांबटच राहते, नवा शेल सहा महिन्यांत परत जातो. पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. काम बंद. बसून कॉम्प्रेशनचे (सिलिंडर हवा किती दाबतो त्याचे) आकडे परत बघितले, चेंबर उतरवायच्या आधी काढून ठेवलेले: १५०, १४५, १५० पीएसआय. नव्या इंजिनापेक्षा कमी, पण तिन्ही एकमेकांच्या जवळ. धूर नाही, ऑइल खात नाही, पाणी कमी होत नाही. म्हणून निर्णय: हेड उघडायचं नाही. बोअर नाही, रिंग नाही, व्हॉल्व्ह नाही. त्या ३८ हजारातले निम्म्यापेक्षा जास्त पैसे या तीन गोष्टींत होते, आणि तिन्ही गोष्टी बिघडलेल्याच नाहीत.

२० जानेवारी, शनिवार

इंजिन खाली उतरलं. जागा म्हणजे दाजींचं बंद पडलेलं गुऱ्हाळ, शेडला भक्कम गर्डर आहे, चेन पुली भाड्यानं ४०० रुपयांना आणली. बॉनेट, बॅटरी, रेडिएटर, मग ड्राइव्ह शाफ्ट, गिअरच्या लिंका, केबली, वायरिंग. प्रत्येक वायर सोडवायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो आणि वायरीला चिकटपट्टीवर नंबर. व्हॅक्युमचे बारीक पाइप तर हमखास चुकतात, त्यांचे तर दोन दोन बाजूंनी फोटो घेतले.

आठशेचं इंजिन हलकं, गिअरबॉक्स वेगळा झाल्यावर तिघांत आरामात हलवता येतं. दाजी उसाच्या ट्रॅक्टरची सवय असलेला माणूस, बघून म्हणाले, "एवढ्याशा इंजिनासाठी एवढा राडा व्हय?"

क्लच प्लेट निम्मी शिल्लक आहे, ठेवली. रिलीज बेअरिंग हातानं फिरवलं तर खरखर, ते बदलणार, ३५० रुपये. इंजिन खाली असताना जे पुढं परत इंजिन उतरवायला लावेल ते आत्ताच बदलायचं, बाकी राहू दे, असा नियम धरलाय.

टायमिंग बेल्ट काढला, इंजिन उलटं केलं, कनरॉडच्या कॅपा सोडवून पिस्टन हलकेच आत ढकलले, मेनच्या (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती बेअरिंगं) चारही कॅपा काढून क्रँक उचलला. कॅपांना सेंटर पंचनं खुणा, एक टिंब, दोन टिंबं, तीन टिंबं, कनरॉडला पण तशाच त्याच बाजूला. कॅपांची अदलाबदल झाली किंवा उलटी बसली तर सगळं मुसळ केरात.

२३ जानेवारी, मंगळवार

शिवाजी उद्यमनगर. कोल्हापुरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून इथं क्रँक ग्राइंडिंग चालतंय, आणि बाहेरून बघितलं तर पत्र्याची शेड, आत मशीन मात्र अशी की हात लावावासा वाटतो. ग्राइंडरवाले मामा साठीच्या पुढचे. क्रँक हातात घेऊन त्यांनी आधी लाकडी ठोकळ्यांवर ठेवला, मायक्रोमीटर लावला, पिन नव्वद अंशात फिरवून परत लावला, आणि काही न बोलता खडूनं मशीनवर आकडे लिहिले. दोन नंबरची पिन ७० मायक्रॉन लांबट. बाकीच्या दोन वीसच्या आसपास. मेन चारही ठीक.

"पाव मिलिमीटरमध्ये निघतंय. पन्नासला जायची गरज न्हाई."

म्हणजे तिन्ही पिना ०.५० नव्हे, ०.२५ मिलिमीटरनं बारीक करायच्या (०.२५ अंडरसाइझ), मेन नुसते पॉलिश. मी दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या, पिनच्या कोपऱ्याची गोलाई राहू दे आणि ऑइलच्या भोकांच्या कडा मोडून द्या. मामा हसले. "भावा, कडा न मोडता क्रँक दिला तर माझा बा वरून खाली यील." त्या कडेला धार राहिली तर नवा शेल पहिल्याच दिवशी तासला जातो.

ब्लॉक पण टेम्पोत घालून आणला होता, कनरॉड बाहेर लोंबत, टेम्पोचे जाऊन येऊन ५००. दोन नंबरच्या कनरॉडला कॅप बसवून, नट आवळून, मामांनी आतून बोअर गेज फिरवला. बेअरिंग इतकं मार खाल्लेलं असताना कनरॉडचं भोक पण लांबट होतं कधीकधी, मग नवा कनरॉड, मग हेड उघडणं आलंच. नशीब, मापात निघालं. इथं मी खरंच श्वास धरून उभा होतो.

ग्राइंडिंग आणि पॉलिश मिळून १७००. बिग एंड शेल ०.२५ चे ७००, मेन स्टँडर्ड ९५०, थ्रस्ट (क्रँक पुढंमागं सरकू नये म्हणून) १८०. शेल विकत घेताना पाठीवरचा साइझचा शिक्का बघून घ्या, खोक्यावर एक आणि आत दुसरंच असं होतं. आणि शेल ग्राइंडिंगच्या आधी घेऊन मामांकडं द्यायचे, ते बघूनच पिन मापाला आणतात.

२७ जानेवारी, शनिवार

दिवसभर धुणं. रॉकेल आता रेशनला पण बघायला मिळत नाही, डिझेलवरच भागवलं, ३०० रुपये. क्रँकच्या ऑइलच्या भोकांत तारेला चिंधी बांधून आरपार, मग कॉम्प्रेसरची हवा, मग परत. ग्राइंडिंगची पूड भोकात राहिली तर केलेलं सगळं गेलं. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचा प्लग काढून त्यातनं पण डिझेल आणि हवा, पहिल्यांदा चमकणारा चुरा आला, मग काळं, मग स्वच्छ. स्वच्छ आल्यावर पण अजून एकदा.

ऑइल पंप उघडला. पुढच्या बाजूला क्रँकवरच बसतो तो. आतल्या रोटरवर आणि कव्हरवर ओरखडे, शेलचा चुरा त्यातनंच गेलाय ना. मिस्त्री म्हणाले चालतोय. मी नवा घेतला, १५५०. अख्ख्या कामात सगळ्यात महाग पार्ट हाच आणि इथं कंजूषी करायची नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, बेअरिंग उपाशी मेलंय, त्याला खायला घालणारा पार्टच जुना ठेवून काय उपयोग.

चेंबरचा पोचा आतून लाकडी ठोकळा आणि हातोड्यानं काढला, मग पाणी भरून गळतंय का बघितलं. मग जाळी आणि तळ यांच्यात किती जागा आहे ते कसं मोजायचं? घरातनं कणकेचा गोळा आणला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जाळीवर ठेवला, चेंबर पॅकिंगसकट दाबून बसवलं, काढलं, आणि चपटी झालेली कणिक सुरीनं कापून पट्टीवर मोजली. नऊ मिलिमीटर. आधी हे अंतर शून्य होतं. जाळी धुवून उजेडासमोर धरली, प्रत्येक भोक दिसेपर्यंत.

२८ जानेवारी, रविवार

इंजिन बांधलं. शेलच्या पाठी आणि त्यांची बसायची जागा कोरडी, आतली बाजू ऑइलनं माखलेली. शेलमधलं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय का ते प्रत्येकाचं बघितलं. मेनच्या कॅपा टॉर्क पान्यानं, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हातानं फिरवून बघायचा. शेवटपर्यंत दोन बोटांनी फिरत होता. मिस्त्रींना टॉर्क पाना म्हणजे नाटक वाटतं, "हाताला कळतंय की." त्यांच्या हाताला कळत असेलही, माझ्या हाताला नाही.

ऑइल पंपात व्हॅसलीन भरलं म्हणजे पहिल्या फेऱ्यातच ओढ घेतो. ऑइल सील आणि पॅकिंगं ६२०, टायमिंग बेल्ट ५२०. चेंबरला सिलिकॉन लावलं, पण पॅकिंगवर अगदी पातळ बोटाचा हात, आणि आत येईल तेवढं पुसून.

३ फेब्रुवारी, शनिवार

इंजिन वर. मिस्त्री आणि त्यांचा पोरगा मदतीला, दोघांचे मिळून २५०० दिले. कूलंट ३५०. साधं २०-४० ऑइल तीन लिटर आणि फिल्टर, ११७०, फिल्टरमध्ये पण आधी ऑइल ओतूनच लावला.

स्टार्ट करायच्या आधी तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढून ठेवली, आणि थांबून थांबून सेल्फ मारत राहिलो. गेजचा काटा बराच वेळ हलेना, मिस्त्री पण बिडी विझवून जवळ आले. मग एकदम उचलला, दीड किलो. तिथंच अर्धं काम जिंकल्यासारखं झालं.

प्लग लावून चालू केली. फायरिंगचा क्रम एक-तीन-दोन, वायरी बरोबर, दुसऱ्या सेल्फला उठली. पूर्ण गरम होऊ दिली, फॅन लागेपर्यंत. आयडलला एक किलो चारशे, तीन हजाराला साडेतीन. ठोका नाही. वायरी काढून परत तीच टेस्ट केली, तिन्हीला सारखंच.

१० मार्च, रविवार

पाचशे किलोमीटर झाले. साठच्या वर नेली नाही, टॉपवर दाबून खेचली नाही, एकाच स्पीडला लांब पळवली नाही. आज ऑइल बदललं, परत ११७०. घमेल्यात उन्हात बघितलं, काळपट आहे पण चमक नाही. फिल्टर कापला, कागदावर बारीक दोनचार कण, नवीन शेल बसताना तेवढं येतंच.

मग पन्हाळ्याला घेऊन गेलो. वाघबीळपासून वर चढ सुरू होतो तिथं मुद्दाम तिसऱ्यात ठेवून काच खाली घेऊन ऐकत गेलो. सायलेन्सरचा जॉइंट फुसफुसतोय आणि एका टॅपेटची टकटक आहे, बाकी काही नाही.

हिशोब सगळा धरून १२,९६०. त्यात मामांची मजुरी, मिस्त्री, टेम्पो, चेन पुली, दोन्ही वेळचं ऑइल सगळं आलं. गेज अजून माझ्याकडंच आहे. मिस्त्री मागतायत, पण त्याआधी दाजींच्या ओम्नीला लावून बघायचाय. तिचं पण इंजिन एफ८बी, आणि तिचा ऑइलचा दिवा म्हणे कधीच लागत नाही, चावी फिरवल्यावर सुद्धा. म्हणजे आधी बल्ब.